वायर पुरेल तिथवर

बाबांच्या स्वतःच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य इन्व्हर्टरबद्दल होतं. अमरावतीच्या दवाखान्यात त्यांना घशाच्या ऑपरेशनसाठी आत नेत होते. स्ट्रेचर दाराशी जरा थांबलं. आता काहीतरी बोलतील, आईला सांभाळ म्हणतील, म्हणून मी वाकले. तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घरी गेली का इन्व्हर्टरच्या बॅटरीत पानी पाहून घेजो." बस, एवढंच. दार लागलं. गाठीबरोबर आवाजही जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी माणूस शेवटचं बोलला काय, तर पाणी बघ. मला इतका राग आला की अकोल्याला घरी गेल्यावरही आठ दिवस मी त्या इन्व्हर्टरकडे फिरकलेसुद्धा नाही.

अकोल्यात मार्केट यार्डाच्या रस्त्यावर बाबांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, पुढे इन्व्हर्टरच्याही. मूर्तिजापूर, अंजनगाव सुर्जी, कुठकुठले शेतकरी बसलेली बॅटरी पोत्यात गुंडाळून आणायचे. बाबा झाकणं उघडायचे, काचेच्या नळीने आतलं पाणी ओढून बघायचे आणि समोरच्याला असे झापायचे जसं काही त्याने स्वतःचं लेकरू कुपोषित ठेवलंय. "उपाशी ठेवली न तुमी इले. चार मयने ट्रॅक्टर उभा, अन् एक डाव चार्जिंगले लावली नाई." रिकामी राहिली की आतल्या प्लेटांवर पांढरी भुकटी चढते आणि मग ती बॅटरी पुन्हा भरत नाही, हे त्यांनी मला मी तिसरी-चौथीत असताना शिकवलं होतं. बॅटरी कायम भरलेली पाहिजे. चाळीस वर्षं त्यांनी हे एकच तत्त्व पाळलं आणि त्या प्रकारच्या बॅटरीसाठी ते शंभर टक्के खरंही होतं. त्यांच्या एकूण एक पँटींना अ‍ॅसिडची भोकं होती. लग्नाला जायची पँट आई कुलपात ठेवायची.

आईचंही तत्त्व तेच, फक्त पाण्याचं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. चौथ्या दिवशी येईल, सहाव्या दिवशी येईल, येईल तेव्हा घरातली टाकी, ड्रम, बादल्या, गंगाळ, कुकरचं भांडंसुद्धा काठोकाठ भरायचं. बाहेरचे लोक आमच्या घरी आले की म्हणायचे, लग्न आहे का काही? तर असं हे घर. रिकामं काही राहू द्यायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं. बाकी कशावर झालेलं मी पाहिलं नाही.

ऑपरेशननंतर बाबांच्या गळ्यात खाली एक छिद्र राहिलं, त्यातून श्वास. बोलणं बंद. सुरुवातीला पाटी आणली, पण त्यांचा हात आधीपासून थरथरायचा. पाटीवर जे उमटायचं ते त्यांनाही दुसऱ्यांदा वाचता यायचं नाही. मग मोबाइल. तिथे एक अक्षर दाबायला गेले की तीन उमटायची. एकदा त्यांना मीठ हवं होतं आणि आई दहा मिनिटं घरभर मिठू शोधत होती, मिठू म्हणजे शेजारच्यांचा पोपट. शेवटी बाबांनी मोबाइल असा आपटला की काच गेली.

मी अमरावतीला राहते. घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे दिवसाचे दहा-दहा तास लॅपटॉपसमोर. नेमका त्याच सुमारास मी नवा लॅपटॉप घेतला होता. जुना तीन वर्षांचा. नवा होता तेव्हा पाच तास चालायचा, आता दोन तासांत मान टाकायचा. त्याच्या कळा मोठ्या आणि जरा कडक होत्या, थरथरता हात नुसता टेकला तर दाबल्या जायच्या नाहीत. तो मी बाबांसाठी नीट पुसला, कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले, लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय टाकली आणि अकोल्याला घेऊन गेले.

ती वाचून दाखवणारी, म्हणजे लॅपटॉपमधला आवाज, एक बाई होती. गोड, शांत, बातम्या देणारी. बाबांनी एका बोटाने पहिलं वाक्य लिहिलं, "मले चा पायजे." बाई अडखळली आणि मग तिने अशा गांभीर्याने वाचलं की कुठे धरण फुटलं असावं. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अवं, हे कोन आनून ठेवली तू माह्या घरात?" बाबाही हसले, म्हणजे खांदे हलले आणि गळ्यातून फुसफुस वारा आला. ऑपरेशननंतर घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं. मला फार बरं वाटलं, मी लगेच फुशारून गेले.

पुढे बाबा त्या बाईला जमेल असंच लिहायला लागले. मले सोडून मला, पायजे सोडून पाहिजे. चाळीस वर्षं ट्रॅक्टरवाल्यांना वऱ्हाडीत झापणारा माणूस आता म्हणायचा, "मला थोडी भाजी वाढशील का?" आई म्हणायची, मले तं पाव्हन्याले जेवू घालतो असं वाटते.

पण खरी मजा ओट्यावर होती. संध्याकाळी ऊन उतरलं की बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. गल्लीतले चार-पाच जण जमायचे, समोर राहणारे निवृत्त ट्रक ड्रायव्हर काका यायचे. हे काका म्हणजे अख्खा देश ट्रकने पालथा घातलेला माणूस आणि त्यातला निम्मा मनाने घातलेला. वरूडची संत्री घेऊन ते कुठे कुठे गेले आणि कुणाकुणाला काय काय सुनावून आले, हे ते रोज सांगायचे. बाबांचं काम, त्यांना पकडायचं. पूर्वी एका शब्दात पकडायचे. आता एक बोट. काका पार गुवाहाटीला पोचलेले असायचे तेव्हा बाबांचं नागपूरबद्दलचं वाक्य तयार व्हायचं. तर काका स्वतःच हात वर करून सगळ्यांना थांबवायचे, "थांबा बाप्पा, भाऊ लिहून राह्यले." सगळे थांबायचे. बाई वाचायची, "त्या साली तुमचा ट्रक माझ्या दुकानासमोर बंद पडला होता. बॅटरी नव्हती." लोक हसून लोळायचे. काकांसारखा मित्र मी पाहिला नाही. स्वतःची फजिती व्हावी म्हणून ते थांबायचे.

ओट्यावरून आत आले की बाबा पहिलं काम करायचे, लॅपटॉप चार्जिंगला लावायचा. तो मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच लावलेला. वर आईने क्रोशाचं कव्हर घातलेलं, धूळ बसू नये म्हणून. खाली गादी. अकोल्याचा मे महिना. भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा त्या दिवसांत तो लॅपटॉप गादीवर, कव्हराखाली, काठोकाठ भरलेला पडून असायचा. मी फोनवर विचारलं की बाई खणखणीत सांगायची, "बॅटरी शंभर आहे."

दोन तासांचा दीड झाला. मग एक. पावसाळा संपता संपता अर्धा तास. ओट्यावर आता काका गोष्टीपेक्षा कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायला लागले. "भाऊ, बारा राह्यले. महत्त्वाचं असन ते बोलून घ्या." आता ओट्यावर कुणी महत्त्वाचं बोलतं का? बिनमहत्त्वाचं बोलायलाच तर ओटा असतो. बाबा घाई करायचे, घाईत बोट चुकायचं, मग खोडायचे, आणि स्क्रीन काळी व्हायची. काका उगाच म्हणायचे, "समजलं, समजलं मले." काही समजलेलं नसायचं.

मी एक्स्टेंशन बोर्ड नेऊन दिला. आतल्या खोलीतून ओट्यापर्यंत वायर ओढली. नळाच्या दिवशी ओट्यावर पाइप आणि पाणी, म्हणून आई त्या दिवशी वायर काढायला लावायची. पण खरी अडचण ती नव्हती. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा बाबांनी बोर्ड गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला आणि लिहिलं, "मी काय बैल आहे? खुंट्याला बांधून बसवतेस." त्यानंतर ते आतच बसायला लागले, पलंगावर, भिंतीतल्या प्लगपाशी. काका आत यायचे. पण आत पंखा, आई, दुधाचं पातेलं, टीव्ही. तिथे ट्रक गुवाहाटीला जात नाही. काका रोजचे आठवड्यातून दोनदा झाले.

इकडे माझ्या नव्या लॅपटॉपने मला एक दिवस सूचना दाखवली की तुम्ही मला कायम प्लगला लावून ठेवता, बॅटरी जपायची असेल तर चार्जिंग ऐंशीवर थांबवू का? मी अशा सूचना न वाचता बंद करणारी बाई आहे. त्या दिवशी वाचली. मग शोधून अजून वाचत बसले. या बॅटऱ्यांचं सगळं उलटं. काठोकाठ भरून ठेवली की ती आतून म्हातारी होते. त्यात उष्णता मिळाली की अजून लवकर. प्लगवर काम करायचं असेल तर ऐंशीवर थांबवा, अधूनमधून प्लग काढून निम्म्यापर्यंत उतरू द्या, गादीवर ठेवू नका, झाकू नका. बाबांनी आणि आईने जीव लावून जे जे केलं होतं, ते सगळं त्या यादीत होतं, करू नका म्हणून.

रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. बडनेरा गेल्यापासून मनात वाक्यं जुळवत होते. घरी पोचल्यावर सगळी विसरले आणि सरळ म्हणाले, "बाबा, याला शंभरपर्यंत भरायचं नसतं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बसलेली बॅटरी घेऊन त्यांच्या काचेच्या नळीसमोर उभी आहे. मग हळूहळू लिहिलं. "किती वर्षं बॅटऱ्या केल्या मी?"

"तुमच्या वेगळ्या बाबा. या वेगळ्या."

"बॅटरी ती बॅटरी."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहून वं, त्यायले बॅटरी शिकवून राहिली तू?" तिच्या आवाजात राग नव्हता, घाबरली होती ती. तिच्या नजरेने मला सांगितलं की गप बस. बोलणं गेलं, दुकान दुसऱ्याला दिलं, गिळताना त्रास, चालताना दम. बॅटरीतलं कळतं, एवढंच त्यांचं स्वतःचं म्हणून उरलं होतं. मला ते कळत होतं. तरी मी हट्टी, त्यांचीच मुलगी. ते जेवायला बसले तेव्हा मी गुपचूप लॅपटॉपमध्ये ऐंशीची मर्यादा लावली, कव्हर काढून घडी केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

पाच-सहा दिवसांनी फोन आला. पलीकडून बाई बोलत होती. फोन लॅपटॉपजवळ धरून आई उभी असणार. "लॅपटॉप बिघडला होता. ऐंशीच्या वर भरत नव्हता. दोन दिवस शोधलं. दुरुस्त केला. आता शंभर होतो."

मग फुसफुस ऐकू आली. हसत होते. आई मधेच म्हणाली, "दोन दिवस झालं बसले होते त्याच्यापाशी. चष्मा लावून. जेवाले उठत नोते. काल झालं तं काकाले बोलावून दाखोलं त्याईनं." किती दिवसांनी आईचा आवाज असा मोकळा होता.

दुकान सोडल्यानंतर बाबांनी दुरुस्त केलेली ती पहिली वस्तू. मला सांगायचं होतं की बाबा, तुम्ही बिघाड दुरुस्त नाही केला, तुम्ही औषध फेकून दिलं. माझ्या तोंडून निघालं, "वा बाबा. बरं झालं." फोन ठेवला आणि मी टेबलावर डोकं टेकून बसले. काय करणार होते मी? बॅटरी वाचवायची की बाबा, असा प्रश्न होता आणि कुठलंही वाचवलं तरी जाणार बाबांचंच होतं.

दिवाळीनंतर तपासणीची तारीख होती. आई-बाबा अमरावतीला माझ्याकडे आले. बाबांनी आदल्या दिवशी अकोल्यातच डॉक्टरांना सांगायचं सगळं लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, मोबाइलवर घेऊन ठेवते, प्रिंट काढते. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मी बघायला गेले तर स्क्रीन झाकली. म्हटलं ठीक आहे, डॉक्टरांपुढे उघडा.

दवाखान्यात नंबर यायला दोन तास लागले. आत गेलो. बाबांनी लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला, स्क्रीन डॉक्टरांकडे वळवली, स्वतः ताठ बसले. स्क्रीन उजळली, बाईने "बॅटरी" एवढंच म्हटलं आणि सगळं काळं झालं. बाबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भिंतीत एकच प्लग होता आणि त्यात तपासायचा दिवा लावलेला. मी चार्जर काढेपर्यंत डॉक्टर उठून बाबांच्या गळ्यापाशी आले होते. चांगले आहेत ते डॉक्टर, पण बाहेर पन्नास माणसं. "काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना आमच्याकडे बघितलं.

आई म्हणाली, "जेवन जात नाई यायले."

मी म्हणाले, "डाव्या बाजूला दुखतं, खांद्यापर्यंत."

बाबा मान हलवत होते. नाही, नाही. टेबलावर बोट आपटत होते, बंद लॅपटॉपवर. मी म्हणाले, "आणि दम लागतो." नाही. आई म्हणाली, "कफ होते." नाही. आम्ही दोघी जणू कोडं सोडवत होतो आणि ते समोर बसून आमचं एकेक उत्तर चुकीचं ठरवत होते. मग त्यांनी मान हलवायचं सोडून दिलं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं छान आहे म्हणाले, दुखण्याची गोळी लिहून दिली. तीन महिन्यांनी या. बाबांनी हात जोडले.

घरी आल्यावर मी लॅपटॉप प्लगला लावला आणि पाणी आणायला वळले. तो आपोआप सुरू झाला. लिहिलेलं तसंच होतं. मी वाचायला नको होतं, पण डोळ्यांना कुणी थांबवायचं? मोठ्या अक्षरांत, चारच ओळी. "डॉक्टरसाहेब, त्रास काही नाही. झोपताना भीती वाटते. भोक बंद होईल आणि मला हाक मारता येणार नाही. घरी सांगितलं नाही. यावर काही औषध आहे का?"

मी मागे पाहिलं. बाबा दारात उभे होते. मी वाचलं हे त्यांनी पाहिलं. ते आले, बसले, आणि मागे जाणारी ती कळ दाबून धरली. अक्षरं शेवटाकडून एकेक करून पुसली गेली. मग लिहिलं, "आईला सांगू नको."

मी सांगितलं नाही. आईच्या हातात एक घंटी दिली फक्त, देवघरातली जुनी, आणि म्हटलं बाबांच्या उशाशी ठेव, काही लागलं तर वाजवतील. आईने विचारलं, काहून? मी म्हटलं असू दे. नवा लॅपटॉप घेऊ म्हटलं, तर बाबांनी लिहिलं, चालू वस्तू टाकायची नाही. तो माझ्या टेबलावरचा नवा घ्या असं मात्र मी म्हटलं नाही. माझं काम आहे त्याच्यावर, हे कारण खरंच आहे. तरी म्हटलं नाही ते नाहीच.

संक्रांतीला गेले तेव्हा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता. खाली एका कोपऱ्याला बाबांनी कागदाची घडी लावलेली. कळांच्या खालचा चौकोन वर उचलला गेला होता, पोळी फुगावी तसा. मी घाबरले. म्हटलं, "बाबा, हात लावू नका, पेट घेईल." बाबांनी मला हाताने बाजूला केलं. लॅपटॉप बंद केला, प्लग काढला, उलटा केला, आणि कपाटातून त्यांचा जुना स्क्रू ड्रायव्हरांचा डबा आणला. हात थरथरत होता, पण स्क्रूवर टेकला की थांबत होता. मी हे विसरले होते. दुकानातही त्यांचा हात बॅटरीवर कधी थरथरायचा नाही.

पत्रा निघाला. आत बॅटरीच्या चार चपट्या पिशव्या, चारही टम्म. बाबांनी कुठे दाबलं नाही, टोचलं नाही. तार सोडवली, बोटांच्या टोकांनी बॅटरी उचलली, अंगणात नेली आणि रेतीच्या घमेल्यात ठेवली. मग तिथेच उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले. मी मागे उभी होते. मला माहीत होतं ते काय बघतायत. लहानपणी दुकानात अशी फुगलेली बॅटरी कुणी आणली की ते बघता क्षणीच सांगायचे, जास्त भरली, तापवली. त्यांच्या धंद्यात उपाशी मेलेल्या बॅटऱ्या शंभर आणि भरून मेलेली एखादी. पण ती एखादी त्यांना ओळखू यायची. त्यांना शिकवायची गरज नव्हती. फुगलेली बॅटरी त्यांनी आयुष्यभर वाचली होती.

आत येऊन त्यांनी पत्रा लावला, चार्जर लावला. बॅटरीशिवाय लॅपटॉप सुरू झाला. आता तो वायर पुरेल तिथवरच चालणार होता. आई तिळगुळाची ताटली घेऊन आली आणि आमची तोंडं बघून दारातच थांबली. बाबा लिहायला बसले. बराच वेळ लागला. मग ती बाई बोलली, नेहमीच्या गोड आवाजात. "मी मारली. तू सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चाळीस वर्षं धंदा केला आणि स्वतःचीच मारली."

चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणासमोर म्हटल्याचं मला आठवत नाही. मान खाली होती. टकलावर घाम होता, जानेवारीत.

आणि मला माहीत होतं की हे खरं नाही. म्हणजे पूर्ण खरं नाही. ती सूचना वाचली त्याच आठवड्यात मला जुन्या लॅपटॉपची तीन वर्षं आठवली होती. माझ्या टेबलावर, खिडकीच्या उन्हात, रात्रंदिवस प्लगला. एकदाही काढला नव्हता. पाच तासांचे दोन तास बाबांनी नव्हते केले, मी केले होते. बाबांना मिळाली तेव्हाच ती बॅटरी अर्धी मेलेली होती. त्यांनी उरलेली अर्धी मारली असेल. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तो लॅपटॉप पुसताना, स्टिकर चिकटवताना माझ्या मनात स्पष्ट आलं होतं की दोन तासच चालतो, पण चालेल, बाबा आता कुठे जाणार आहेत? प्लगपाशीच तर बसतील.

मी म्हणाले, "नाही बाबा. वयच झालं होतं तिचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुन्हा कळांवर गेलं. एक अक्षर, दुसरं अक्षर. मी वाट बघत उभी होते. आई ताटली धरून उभी होती. वाक्य लहान होतं, बाईने ते न अडखळता वाचलं.

"तू दिली तेव्हा चांगली होती."

माझ्या टेबलावरची तीन वर्षं सांगायला मी तोंड उघडलं. मग नुसती मान हलवली, होय म्हणून, आणि ताटलीतला तिळगूळ उचलला.